माइक नावाची खोली

आमच्या कॉलेजात सभागृह हवं असलं की ऑफिसात जायचं आणि क्लार्क मॅडमच्या टेबलावरच्या लांबट रजिस्टरमध्ये तारीख अडवायची. निळ्या पेनने लिहिलेलं म्हणजे प्राचार्यांची सही झालेली. पेन्सिलने लिहिलेलं म्हणजे 'सध्या धरून ठेवा, पत्र आणून देतो'. नावाभोवती लाल गोल असेल तर तो संस्थेचा कार्यक्रम, तिथे हुज्जत घालायची नाही. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नाही, पण नव्याने रुजू झालेल्यालाही एका सत्रात कळून चुकतं.

हे रजिस्टर जाऊन सॉफ्टवेअर यावं, असं ठरायला दोन कारणं झाली. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी वर्षभराच्या कार्यक्रमांच्या तारखा आणि अहवाल गोळा करताना आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाच्या, समन्वयकांचा जीव मेटाकुटीला यायचा, हे एक. दुसरं, आणि खरं, नवं शैक्षणिक धोरण. संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून लागू झालं आणि ओपन इलेक्टिव्हच्या, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या निवडीच्या विषयाच्या, तासाला सगळ्या शाखांची मुलं एकाच वेळी वेगवेगळ्या विषयांना पांगायला लागली. आधी जी मुलं एका मोठ्या वर्गात मावायची, ती आता चार-पाच खोल्या अडवतात. सेमिनार हॉल आणि एव्ही रूमही तासांना द्यावी लागली. मग एखादा विभाग पाहुण्यांना घेऊन हॉलच्या दारात, आणि आत अर्थशास्त्राचा तास चालू, असं व्हायला लागलं.

समितीत मला घेतलं, कारण मी संगणकशास्त्र शिकवते. त्याच न्यायाने प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी फोन आमच्याच विभागाला येतो.

खरेदी म्हटली की तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता आलाच. पण माहितीपत्रकं वाचून तक्ता भरायला बसलं तर सगळ्या रकान्यांत सगळ्यांपुढे 'होय'च येतं. ऑनलाइन बुकिंग? होय. मंजुरी? होय. मोबाइल ॲप? होय. त्यातून काय कळणार? मी आधी अमेरिकेतल्या विद्यापीठांत वापरतात त्या २५लाइव्ह या बुकिंगच्या सॉफ्टवेअरची मदतपानं वाचून काढली. ते आम्ही घेणार नव्हतोच, पण त्यातली एक गोष्ट डोक्यात राहिली. कार्यक्रमाच्या वेळेआधी मांडणीचा आणि नंतर आवरण्याचा वेळ तिथे वेगळ्या रकान्यांत भरतात. आमच्या रजिस्टरमध्ये असा रकाना नाही, तो हिशेब सभागृहाच्या मामांच्या डोक्यात असतो. म्हणून मी प्राचार्यांना दोन गोष्टी सुचवल्या. डेमोला क्लार्क मॅडम आणि मामांना बसवायचं, आणि कंपन्यांना त्यांचं नमुन्याचं कॉलेज दाखवू न देता आपल्याच रजिस्टरचं एक पान भरायला लावायचं.

पान निवडलं २०२५च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्याचं. ते आजही समोर धरलं तर घाम फुटतो. २६ तारखेला महाशिवरात्र, म्हणजे कॉलेज बंद आणि आदल्या दिवशी खुर्च्या लावायची सोय नाही. २७ला मराठी भाषा गौरव दिन, २८ला राष्ट्रीय विज्ञान दिन. दोन्ही पुढे ढकलता न येणारे. त्यात आमचं ज्युनिअर कॉलेज बारावीचं केंद्र. ११ फेब्रुवारीपासून तळमजल्याचे सगळे वर्ग परीक्षेला दिलेले, बाकांवर बैठक क्रमांक चिकटवलेले. सभागृह नेमकं त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. २७च्या रकान्यात निळ्या पेनने मराठी विभागाचं काव्यवाचन. त्याखाली पेन्सिलने एनएसएसची बैठक, ती व्हाइटनरने खोडून बाणाने २८कडे नेलेली. २८ला भौतिकशास्त्राचं प्रदर्शन, 'अ आणि ब हॉल, मधलं पार्टिशन काढून'. आणि समासात मॅडमच्या बारीक अक्षरात: 'माइक ११ ते २.१० नाही. ३ ते ६.१० नाही.'

ती दहा मिनिटं म्हणजे बोर्डाने पेपरच्या शेवटी वाढवून दिलेला वेळ.

डेमोच्या दिवशी सकाळी पहिला आला तो आमच्या भागातल्याच एका ईआरपी, म्हणजे संस्थेच्या सगळ्या कारभाराचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या, कंपनीचा मुलगा. चुणचुणीत होता. सभागृह, हॉल, खोल्या भराभर टाकल्या आणि मग परीक्षेच्या वेळांशी येऊन थबकला.

"मॅडम, दोन वाजून दहा मिनिटं ही वेळ सिस्टिम घेत नाही. अडीच टाकू?"

दोन सत्रांच्या मधल्या पन्नास मिनिटांतच काव्यवाचन उरकायचं होतं. त्यातली वीस त्याने एका क्लिकमध्ये गिळली. पण खरी गंमत पुढे. मी म्हटलं, २७ तारखेला दुपारी बारा वाजता सभागृह मिळतंय का बघा. स्क्रीनवर हिरवा चौकोन आला: उपलब्ध.

"उपलब्ध आहेच," क्लार्क मॅडम म्हणाल्या. "पण माइक चालू केला की केंद्रसंचालक जिना चढून वर येतील."

"ते रिमार्क्समध्ये लिहू शकता, मॅडम."

मागे बसलेले मामा म्हणाले, "रिमार्क वाचतंय कोण? माझ्याकडे तर 'हॉल उघडा' एवढाच निरोप येतो."

दुसरा डेमो ऑनलाइन झाला. कंपनी मोठी, प्रतिनिधी बेंगळुरूहून बोलत होते. खोलीच्या दाराशी क्यूआर कोड, कुठली खोली किती टक्के वापरात आहे याचे रंगीत आलेख, सगळं देखणं. मांडणीचा आणि आवरण्याचा वेळ त्यांच्याकडे नीट धरता येत होता, हे मान्य करायला हवं. पण दर होता विद्यार्थिसंख्येवर, वर १८ टक्के जीएसटी. आमच्याकडे हॉल अडवणारी माणसं मोजकी, मुलं हजारोंनी. फी भरणारा प्रत्येक विद्यार्थी सेमिनार हॉल बुक करतो असा हिशेब का लावायचा, हे त्यांना समजावून सांगता आलं नाही. मी विचारलं, उद्या आम्ही सोडून गेलो तर नोंदी कशा मिळतील? उत्तर आलं, पीडीएफ देऊ. कॅलेंडरच्या नोंदी इकडून तिकडे नेण्यासाठी आयकॅलेंडर नावाचं प्रमाण आहे, २००९पासून ते आरएफसी ५५४५ म्हणून चालतं, आपल्या फोनमधली कॅलेंडरंही ते वाचतात. ती फाइल मिळेल का? 'टीमला विचारून सांगतो.'

तिसरा डेमो माझाच होता. प्रयोगशाळेतल्या एका जुन्या मशीनवर मी लिब्रेबुकिंग नावाचं सॉफ्टवेअर चढवून ठेवलं होतं. बुक्ड नावाचा एक प्रकल्प होता, त्याचीच ही मुक्त स्रोत आवृत्ती, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालणारी. दिसायला साधी, पण वेळेचे चौकोन आपल्याला हवे तसे आखता येतात, त्यामुळे २.१०चा प्रश्न आधीच सुटलेला. दोन बुकिंगच्या मध्ये आपोआप मोकळा वेळ सोडायची सोयही आहे. मामांना विचारलं किती ठेवू. म्हणाले, खुर्च्या असतील तर अर्धा तास, जेवण असेल तर विचारूच नका.

माइक मात्र इथेही अडला. प्रोजेक्टर, माइक अशा वस्तू जोडायला त्यात वेगळा विभाग आहे, पण तो फक्त नग मोजतो. वस्तू अमुक वेळेत बंद, असं तिथे सांगता येईना. खोलीला मात्र सांगता येतं. थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसले आणि मग माइकची एक खोली करून टाकली. नाव: 'सभागृह – माइक'. आसनसंख्या शून्य. तिला ११ ते २.१० आणि ३ ते ६.१० कुलूप. कार्यक्रमाला हॉल आणि माइक दोन्ही एकाच अर्जात मागायचे. बाराचा अर्ज टाकला तर हॉल हो म्हणाला, माइकने अर्ज परत पाठवला. माइकशिवाय टाकला तर मिळाला. बरोबरच होतं ते, बुद्धिबळाच्या स्पर्धेला किंवा पोस्टर लावायला हॉल वापरायला कोणाची हरकत असणार?

"मग जनरेटरची पण एक खोली करा," मामा म्हणाले. "दोन्ही हॉलचे एसी एकदम लावले की तो बसतो."

केली. पार्टिशनची केली. एका उत्साही सरांनी मामांचीही खोली करा असं सुचवलं, एका वेळी दोन हॉल ते उघडू शकत नाहीत म्हणून. मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच मिटला. पण तार्किकदृष्ट्या सरांचं चुकीचं नव्हतं.

दुपारनंतर तांत्रिक चर्चा संपली आणि खरी सुरू झाली. मंजुरी कोणाची? एका सदस्यांनी साखळी मांडली: विभागप्रमुख, मग उपप्राचार्य, मग रजिस्ट्रार, मग प्राचार्य. लिब्रेबुकिंगमध्ये मंजुरीची पायरी एकच आहे, हे मी लगेच सांगून टाकलं. एरवी ही उणीव म्हणून तक्त्यात गेली असती. मला विचाराल तर तोच त्याचा मोठा गुण.

मग लाल गोल. संस्थेचा कार्यक्रम ऐनवेळी आला आणि तारीख भरलेली असली तर? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. क्लार्क मॅडम एरवी बैठकीत बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "आतापर्यंत फोन आला की मी खोडत आले. ज्याचं खोडलं तो माझ्याशी भांडायला येतो, फोन करणाऱ्याशी नाही. आता नवीन आणताय तर ते माझ्या नावावर ठेवू नका."

त्यावर कोणाला काही सुचेना. शेवटी ठरलं ते असं: मंजूर झालेली नोंद हलवायचा अधिकार फक्त प्राचार्यांच्या लॉगिनला, आणि हलवली की ज्याची होती त्याला लगेच मेल. प्राचार्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे पासवर्ड मलाच टाकावा लागणार," असं म्हणून त्यांनी ते इतिवृत्तात लिहायला सांगितलं.

निवड झाली तरी फाइल अडली. अकाउंटंट म्हणाले, शून्य रुपयांचं कोटेशन कसं लावू? तेही रास्तच. फुकटातलं सॉफ्टवेअर फुकटात चालत नाही. त्याला सर्व्हर लागतो, बॅकअप लागतो, आवृत्ती बदलली की बसणारं माणूस लागतं. आमच्याच मुलांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून बनवलेली हॉल बुकिंगची ॲप्स कुठल्या कुठल्या पेनड्राइव्हवर पडली आहेत, कारण मुलं पास होऊन गेली. म्हणून सर्व्हरच्या जागेसाठी रीतसर तीन कोटेशनं मागवली, आणि देखभाल एका व्यक्तीकडे न ठेवता प्रयोगशाळा सहायक व मी अशी लेखी वाटून घेतली. रोजचं वेळापत्रक आम्ही आधीपासून एफईटी नावाच्या सॉफ्टवेअरवर करतो, तो वेगळा प्रांत. तिथून तयार झालेले तास सत्राच्या सुरुवातीला इथे भरून टाकायचे, म्हणजे हॉलमधला तास आधीच अडलेला दिसतो.

क्रीडा संचालकांनी तेवढं मैदान यात घालू दिलं नाही. जिमखान्याचा बॅडमिंटन हॉल दिला, तोही कुरकुरत.

आणि पहिली परीक्षा नेमकी त्याच हॉलची झाली. नगरपरिषदेच्या निवडणुकीसाठी हॉल स्ट्राँगरूम म्हणून, म्हणजे मतदान यंत्रं कुलपात ठेवायला, द्यायचं पत्र आलं. मतदान २ डिसेंबरला, मतमोजणी ३ला, म्हणून आम्ही ४ तारखेपर्यंत हॉल बंद दाखवला. २ तारखेला, मतदान चालू असतानाच, उच्च न्यायालयाचा आदेश आला: सगळीकडची मोजणी एकदम २१ डिसेंबरला. यंत्रं तोवर हॉलमध्येच राहणार. मी बंदची तारीख २१च्या पुढे ओढली, तशी मधल्या काळात आदळणाऱ्या सगळ्या नोंदींची यादी समोर आली. सगळ्यात वर क्रीडा संचालकांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. रजिस्टर असतं तर हे एकेक पान उलटत कळलं असतं, तेही ज्याला आठवण झाली त्यालाच. इथे दुपारीच सगळ्यांना मेल गेले आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्या एका कॉलेजचा हॉल मागणारं पत्र टाइप झालं.

दुसऱ्या दिवशी क्रीडा संचालक आमच्या विभागात आले. म्हणाले, मैदानही टाकून द्या. मी विचारलं, सकाळच्या क्रिकेटवाल्या माजी विद्यार्थ्यांना लॉगिन कोण देणार, आणि पॅव्हेलियनची चावी नक्की कोणाकडे असते? त्यावर अजून एकमत झालेलं नाही.