आटवलेलं दूध आणि माझं पोट

"अगं, छान आटवलंय, जायफळ घातलंय. हे नाही बाधत!" कोजागिरीला गच्चीवर शेजारच्या काकूंनी पेला हातात दिलाच. मला दूध पचत नाही म्हणून मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "मग दुपारी कढी कशी चालली?"

प्रश्न तसा रास्त आहे.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचक विकर (एन्झाइम) लागतं. बालपण सरलं की जगातल्या निम्म्याहून अधिक माणसांत ते कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि मग गुडगुड, गॅस, धावपळ. विरजणातले जिवाणू यातली थोडी साखर आधीच फस्त करतात, म्हणून मला ताक-कढी सोसते. तुपात तर ती जवळजवळ नसतेच. पण दूध आटवलं की पाणी उडतं, साखर तिथेच राहते. म्हणजे वाटीभर बासुंदी वाटीभर दुधापेक्षा जड. जायफळ बिचारं काय करणार!

ही अ‍ॅलर्जी नव्हे, प्रश्न प्रमाणाचा आहे; त्यामुळे चहातलं थोडंसं दूध मला चालतं. तेही लोकांना खटकतं. "चहा बरा चालतो!"

मधुमेह आहे म्हटलं की पेढ्याचा आग्रह लगेच थांबतो. पोट बिघडतं म्हटलं की मात्र "एक घोट घे गं" का सुरू होतं?