दिसायला मराठी

संगणकावर मराठी दिसेल का, ही काळजी आता कुणाला उरलेली नाही. दिसते, आणि चांगली दिसते. गंमत सुरू होते ती शोधायला गेल्यावर. स्वतःच्याच फायलीत कंट्रोल-एफ करून ‘दऱ्या’ शोधावं, शब्द तिसऱ्या ओळीत ढळढळीत बसलेला असावा आणि वर पाटी यावी: सापडला नाही. डोळे तपासून घेण्याची गरज नाही. पडद्यावरचं अक्षर आणि फायलीतलं अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच. घरच्या संगणकावरच्या मराठीच्या निम्म्या तक्रारी इथूनच निघतात.

या ‘दऱ्या’चंच घ्या. ती आडवी, मिशीसारखी र ची रेघ फायलीत दोन तऱ्हांनी बसते. एक तऱ्हा म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याचा पाय मोडायचा, पुढे य. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या यादीत, ऱ चा क्रमांक ०९३१. हे अक्षर मुळात दाक्षिणात्य भाषांतला एक र लिहिण्यासाठी राखलेलं, पण पाय मोडला की ते आपल्याला हवी ती रेघ देतं. दुसरी तऱ्हा अशी की साधा र, पाय मोडायचा, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि नंतर य. पहिल्या तऱ्हेने ‘दऱ्या’त पाच चिन्हं होतात, दुसऱ्या तऱ्हेने सहा. दिसायला जुळी भावंडं, पण साधा शोध चिन्हं मोजून जुळवतो, चेहरा पाहून नव्हे. म्हणून एका तऱ्हेने लिहिलेलं दुसऱ्या तऱ्हेने शोधलं की सापडत नाही.

माझं मत सरळ आहे: ऱ वापरावा. अदृश्य चिन्हावर भरवसा ठेवणं तसंही बरं नाही. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना काही ठिकाणी ते चिन्ह गळून पडतं आणि मागे साधा रफार उरतो. मग आचाऱ्याला द्यायचा शिधा आचार्याला मिळतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या कळांच्या मांडणीत, ‘दऱ्या’ असं येतं: ओ म्हणजे द, शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ, डी म्हणजे पाय मोडणं, उजवीकडची तिरकी रेघ म्हणजे य आणि ई म्हणजे काना. कीबोर्डवर ऱ सापडतच नसेल आणि वर्ड उघडं असेल, तर इंग्रजी अंकांत ०९३१ लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबावं, आकड्याच्या जागी ऱ येतो. हीच युक्ती उलटीही चालते. अक्षराच्या मागे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक दिसतो, पुन्हा दाबलं की अक्षर परत. कुठल्याही संशयित अक्षराची झडती अशी घ्यावी. जुन्या नोटपॅडमध्ये मात्र ही सोय नाही.

‘ॲप’ची कथा आणखी रंगतदार, कारण तिथे तीन तऱ्हा. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं, क्रमांक ०९७२. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र ठेवायचे. काही कीबोर्डांवर हिंदीच्या सवयीने ए वर चंद्र असलेला ऍ मिळायचा, तोही सर्रास वापरला गेला. त्यामुळे जुन्या-नव्या लेखांत ‘ॲप’ तीन वेषांत फिरतं. जुन्या फायलीत ‘ॲप्लिकेशन’ शोधायचं असेल तर पहिल्या अक्षराच्या वाटेलाच जाऊ नये, नुसतं ‘प्लिकेशन’ शोधावं.

विसर्गाच्या जागी अपूर्णविराम ही याच जातीची, पण फार पसरलेली खोड. ‘अंतःकरण’, ‘दुःख’, ‘स्वतः’ या शब्दांत बरेचजण शिफ्ट धरून इंग्रजी कोलन ठोकतात. दिसतं जवळपास सारखंच. पण संगणकाच्या लेखी कोलन हे विरामचिन्ह, म्हणून ‘दुःख’ मधे तुटतं. शुद्धलेखन तपासणारं साधन त्याखाली लाल रेघ मारतं, आणि दोनदा क्लिक करून शब्द निवडायला गेलं की अर्धाच निवडला जातो. इन्स्क्रिप्टमध्ये खरा विसर्ग शून्याच्या शेजारच्या आडव्या रेघेच्या कळीवर, शिफ्ट धरून.

सगळ्यात चोरटी चूक मात्र काना आणि मात्रेची. ओकार हे एकच चिन्ह आहे, पण कोणी काना लिहून त्यावर वेगळी मात्रा दिली तर बऱ्याच फॉन्टमध्ये ते ओकारासारखंच दिसतं. तसंच अ लिहून पुढे काना दिला की आ सारखं. हाताने लिहिणारे अशी चूक क्वचित करतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मात्र ती हजारोंनी करतात. वर्डमध्ये कंट्रोल-एच करून ती काढता येते, फक्त क्रम चुकवू नये. आधी ‘अ, काना, मात्रा’ या तिघांच्या जागी ओ, ‘अ, काना, दोन मात्रा’च्या जागी औ, मग ‘अ, काना’च्या जागी आ, आणि शेवटी उरलेल्या ‘काना, मात्रा’च्या जागी ओकार, ‘काना, दोन मात्रा’च्या जागी औकार. आ ची दुरुस्ती आधी उरकली तर ओ च्या जागी आ वर मात्रा चढून बसते आणि नवंच लफडं तयार होतं. आणखी एक: शोधायच्या चौकटीत चुकीचं रूप टंकू नये. मजकुरातलंच उचलून पेस्ट करावं. आपली बोटं सवयीने बरोबर लिहितात आणि मग चूक सापडत नाही.

टिंबांचं वर्तुळ दिसलं की घाबरू नये, ते उपकारकच आहे. मात्रेला किंवा वेलांटीला धरायला अक्षर मिळालं नाही, असा त्याचा अर्थ. टाइपरायटरवर हात बसलेली मंडळी ऱ्हस्व वेलांटी आधी मारतात, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडला अक्षर आधी लागतं, वेलांटी नंतर, ती दिसते कुठे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. अनुस्वार त्याच्याही नंतर: ‘हिं’ म्हणजे ह, वेलांटी, टिंब, याच क्रमाने. खोडतानाही हे लक्षात असलेलं बरं. ‘राष्ट्र’ लिहून बॅकस्पेस दाबलं की बहुतेक ठिकाणी फक्त शेवटचा र जातो. पण कर्सर ‘ष्ट्र’च्या आधी ठेवून डिलीट दाबलं की अख्खं जोडाक्षर एका फटक्यात गायब. जोडाक्षराची दुरुस्ती नेहमी मागून करावी.

आता फायली बिघडतात तेव्हा. सोसायटीच्या सभासदांची यादी कोणीतरी सीएसव्ही म्हणून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फायलीत, पाठवतं, एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून ती उघडली की नावांच्या जागी टोपी घातलेली, शेपट्या लावलेली युरोपी अक्षरं. इथे रोग कुठला ते आधी ओळखावं. रिकामे चौकोनी डबे दिसले तर मजकूर ठणठणीत आहे, फक्त त्या संगणकावर देवनागरी फॉन्ट नाही. युरोपी अक्षरांचा पसारा दिसला तरी मजकूर बहुधा शाबूत असतो, वाचण्याची पद्धत चुकली आहे. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवलं जातं आणि एक्सेल त्या तिघांना तीन वेगळी अक्षरं समजतं, म्हणून नाव तिप्पट लांबलेलं दिसतं. पण ओळीने प्रश्नचिन्हं दिसली, ‘मराठी’च्या जागी पाच, तर कारभार आटोपला. साठवतानाच अक्षरं टाकून दिली गेली, ती आता त्या फायलीत नाहीत. पाठवणाऱ्याकडे मूळ प्रत मागणं एवढंच हातात उरतं.

मधल्या रोगावर औषध सोपं आहे. बिघडलेली फाइल सेव्ह न करता बंद करावी, हे पहिलं. मग कोरी एक्सेल उघडून डेटा या टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडावं, फाइल दाखवावी आणि फाइल ओरिजिनच्या यादीत ‘६५००१ : युनिकोड (युटीएफ-८)’ निवडावं. नावं लगेच जागेवर येतात. स्वतः कोणाला पाठवायची असेल तर सेव्ह ॲजमध्ये नुसतं सीएसव्ही न घेता ‘सीएसव्ही युटीएफ-८’ घ्यावं. नोटपॅडचं तसंच. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून ते आपणहून युटीएफ-८ मध्ये साठवतं, त्याआधी ‘एएनएसआय’ ही देवनागरी न कळणारी जुनी पद्धत ठरलेली असायची आणि त्यात साठवलेल्या मराठीची प्रश्नचिन्हं व्हायची.

पीडीएफ हा प्रकार यापेक्षा आडमुठा. परिपत्रक छान वाचता येतं, पण कॉपी करून पेस्ट केलं की काहीतरी भलतंच उमटतं. आधी ॲडोबी रीडरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स असं जाऊन कुठले फॉन्ट वापरलेत ते पाहावं. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या कुळातलं नाव दिसलं तर त्या फाइलीत मुळात मराठी नाहीच. इंग्रजी चिन्हांना मराठी मुखवटे चढवलेले आहेत. त्याच नावाच्या फॉन्टसाठीचा परिवर्तक शोधावा, दुसऱ्याचा चालत नाही. मंगल किंवा निर्मला असं युनिकोड नाव असूनही जोडाक्षरं तुटत असतील, तर पीडीएफने अक्षरांऐवजी त्यांचे आकार पडद्यावरच्या क्रमाने साठवलेत. अशा वेळी आकारावरून अक्षर ओळखणाऱ्या साधनाकडे जाणं कमी त्रासाचं. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवावी, उजवं क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्स निवडावं. दोन एमबीच्या आत फाइल ठेवावी, कागद स्कॅन करायचा असेल तर ३०० डीपीआयवर. हाती येतं ते पुष्कळसं बरोबर असतं. घ-ध, भ-म आणि अनुस्वार एवढे नजरेखालून घालावेत.

छापखान्यात मजकूर देताना पानं कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये लावणार, एवढं फक्त विचारावं: पेजमेकर की इनडिझाइन? पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ ची आणि तिला युनिकोड मराठी कळत नाही. म्हणजे तुमचा स्वच्छ मजकूर उलटा जुन्या फॉन्टमध्ये जाणार आणि मुद्रितशोधन नव्याने करावं लागणार. इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर परिच्छेदाच्या पॅनेलमधून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडायला सांगावं. हे माहीत नसल्यामुळे ‘युनिकोड नको, श्रीलिपीतच द्या’ म्हणणारे डीटीपीवाले अजून भेटतात.

ब्लॉग लिहिणाऱ्याने दोन गोष्टी सुरुवातीलाच कराव्यात. एक, पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला सांगावं. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, जनरल, साइट लँग्वेज इथे मराठी निवडलं की काम झालं. लेख लिहिण्याची आतली बाजू (डॅशबोर्ड) इंग्रजीच हवी असेल तर ती आपल्या प्रोफाइलमध्ये वेगळी निवडता येते. फायदा असा की मराठी वळणाची सोय असलेले फॉन्ट मग ल पाकळीचा आणि श देठाचा दाखवतात, शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात आहेत तसे. भाषा सांगितली नाही तर तोच फॉन्ट मुकाट्याने हिंदी वळण देतो.

दुसरी गोष्ट लेखाच्या पत्त्याची. पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्यांच्या खुणांसह नऊ अक्षरांचं होतं. म्हणूनच व्हॉट्सॲपवर पाठवलेला मराठी दुवा कधीकधी पाच ओळी खातो. वर्डप्रेस लेखाच्या नावासाठी दोनशे अक्षरांची जागा ठेवतं, म्हणजे जेमतेम बावीस मराठी चिन्हं, आणि काना-वेलांट्याही त्यातच मोजायच्या. ‘उन्हाळी वाळवणं आणि पापड मसाला’ असं शीर्षक दिलं तर पत्ता ‘पापड-म’ वर येऊन थांबतो. गूगलचं ‘ब्लॉगर’ तर देवनागरी शीर्षकाकडे बघतच नाही, ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एक आकडा असं काहीतरी चिकटवून मोकळं होतं. तेव्हा लेख प्रसिद्ध करण्यापूर्वीच पर्मालिंकच्या चौकटीत रोमन लिपीत तीन-चार शब्दांचं नाव हाताने लिहावं, मधे आडव्या रेघा देऊन. नंतर सुचलं तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्याकडे आपोआप वळवतं. ब्लॉगरवर मात्र लेख आधी मसुद्यात परत न्यावा लागतो आणि जुना दुवा आपोआप नव्याकडे वळत नाही.