सत्तावन्नच्या खणात नवं काय: सहा महिन्यांचा हिशेब

मंडळी, मागच्या वेळी कळवलं होतं की माझ्या जर्मन पदकांच्या खणात अकरा नग झालेत. आता सोळा आहेत. खरं म्हणजे सतरा घेतले, पण त्यातल्या एकाला मी मोजत नाही. का ते पुढे येईलच.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात. युद्धानंतर मित्रराष्ट्रांनी जर्मन सैनिकांना पदकं लावायची बंदी केली. 26 जुलै 1957 ला पश्चिम जर्मनीनं कायदा करून दुसऱ्या महायुद्धातली पदकं पुन्हा लावायची मुभा दिली, अट एकच: स्वस्तिक नको. म्हणून तीच पदकं नव्या साच्यांतून निघाली, आणि त्यांना आपण नुसतं ‘सत्तावन्न’ म्हणतो. ऑस्ट्रिया आणि सुडेटनलँड गिळंकृत केल्याबद्दलची पदकं मात्र वगळली, ती कुठल्याच रूपात परत आली नाहीत.

बरेच संग्राहक सत्तावन्नला नाक मुरडतात. ‘युद्धातलं नाही ना मग!’ नाहीच. पण ही पदकं सरकारनं नव्यानं वाटली नव्हती. ज्याला हवं त्यानं दुकानात जाऊन स्वतःच्या पैशानं घ्यायचं. म्हणजे 1957 नंतर कधीतरी चाळिशीतला एखादा माणूस काउंटरशी उभा राहून आपलीच जखम विकत घेतोय. मला त्या माणसाचं कुतूहल आहे. राहतो मी जर्मनीत, कार्ल्सरूहला, शेजारचं फोर्त्सहाइम म्हणजे सोनारकामाचं गाव, पदकं घडवणाऱ्यांचंही. त्यामुळे रविवारी जुन्या बाजारात फिरलं की काहीतरी हाती लागतंच.

पहिली खरेदी काळ्या जखमी बिल्ल्याची. काळा म्हणजे एक-दोन जखमा, चांदीचा तीन-चार, सोनेरी पाच किंवा जास्त. विकणारा ठासून सांगत होता की हा पहिल्या महायुद्धातला. चूक समजण्यासारखी आहे: 1918 च्या बिल्ल्यावरही शिरस्त्राण, मागे दोन तलवारी, भोवती पानांचं कडं, आणि स्वस्तिक अर्थातच नाही. सत्तावन्नमध्ये स्वस्तिक काढल्यावर दोन्ही सारखेच दिसायला लागतात. बघायचं ते शिरस्त्राणाकडे. 1918 चं जुन्या घडणीचं, कपाळाच्या बाजूंना छोटे खुंट असलेलं. सत्तावन्नचं त्यानंतरच्या, आटोपशीर घडणीचं, बिनखुंटांचं. माझ्या नगावर खुंट नव्हते. मी काही बोललो नाही, फक्त किंमत कमी करून घेतली. सत्तावन्नच्या भावातच घेतला म्हणा ना.

आता न मोजलेला नग. पहिल्या वर्गाचा आयर्न क्रॉस, म्हणजे शौर्याचं जर्मन पदक, ‘सुरुवातीच्या काळातला’ म्हणून ऑनलाइन घेतला. फोटो सुरेख. चांगला क्रॉस तीन भागांचा असतो: मध्ये काळा केलेला लोखंडी गाभा, त्याला पुढून-मागून चौकटीचे दोन अर्धे, कडेला झाळलेले. भिंगातून कड पाहिली तर सांधा दिसतो. माझ्या क्रॉसची कड गुळगुळीत, सांध्याचा मागमूस नाही. लोहचुंबक लावला तर तो चक्क घरंगळून टेबलाखाली गेला. एकसंध ओतलेला, वर काळा रंग फासलेला. विकणाऱ्याला लिहिलं, उत्तर आलं: ‘सुरुवातीचा म्हणजे कधीचा हे मी लिहिलं नव्हतं.’ बरोबर आहे बुवा. आता तो माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय. एक मात्र लक्षात ठेवा: चुंबक चिकटला म्हणून सगळं ठीक असं नाही, आणि पितळी गाभ्याचे खरे क्रॉस युद्धकाळातही होते. सांधा आधी बघा, चुंबक नंतर.

त्याची भरपाई दुसऱ्या वर्गाच्या क्रॉसनं केली. कागदी पाकिटात, फितीसकट. मधोमध तीन ओकच्या पानांची डहाळी. पुष्कळांना ती स्वस्तिक झाकायला काढलेली तडजोड वाटते. पण प्रशियाच्या राजानं 1813 साली नेपोलियनशी लढताना हा क्रॉस सुरू केला तेव्हा त्यावर हीच पानं होती, म्हणजे सत्तावन्नवाल्यांनी मूळ चित्रच परत आणलं. खालच्या भुजेवर मात्र 1939 तसंच. पानांच्या शिरा भिंगाखाली स्वच्छ दिसतात, मधल्या पानाच्या टोकाशी रंग किंचित झिजलाय, बोट तिथंच फिरत असणार. फीत अतिनील दिव्याखाली निळसर चमकते, म्हणजे धागा युद्धानंतरचा. युद्धकाळातलं गोळा करणारे अशी चमक पाहून कपाळावर हात मारतात, आपल्याला काही फरक पडत नाही.

‘पूर्वेकडचं हिवाळी युद्ध 1941/42’ हे पदकही आलं. सैनिक त्याला ‘गोठलेल्या मांसाचं पदक’ म्हणायचे. सत्तावन्नमध्ये गरुडाच्या पायांतलं स्वस्तिक गेलं, मागचा मजकूर तोच राहिला. चौथं म्हणजे युद्धसेवा क्रॉस. त्याच्यावर पुढच्या बाजूला स्वस्तिक असायचं, तिथं आता 1939 हे साल आणून बसवलंय. दिसायला अगदीच ओकंबोकं. जर्मन क्रॉस मात्र अजून मिळाला नाही, ज्याला सैनिक ‘तळलेलं अंडं’ म्हणत. सत्तावन्नमध्ये त्या अंड्याच्या बलकात छोटा आयर्न क्रॉस आहे. बजेटबाहेर आहे, सोडून देतो.

ल्यूडेनशाइडच्या स्टाइनहाउअर उंड ल्यूक या पदकं घडवणाऱ्या कंपनीच्या मालाबद्दल दोघातिघांनी विचारलं होतं. घडण उत्तम, आणि गंमत म्हणजे पश्चिम जर्मनीचा नागरी सन्मान, तो लाल क्रॉस, त्यांच्याकडेही बनलाय. व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सौवालचं नाव आपल्या लोकांना वेगळ्या कारणानं ठाऊक असावं: बर्लिनमध्ये असताना सुभाषबाबूंनी सुरू केलेली आझाद हिंदची पदकं त्यानं बनवली. ती खूप मागणीची, नकलाही तितक्याच, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

पुण्याहून आई आली होती. खण उघडून म्हणाली, ‘एवढी पदकं, आणि कुणाचीही नाहीत?’ मी म्हटलं, कुणाची तरी आहेतच, नावं माहीत नाहीत. ‘बरं लोक नव्हते ना ते?’ यावर मी कॉफी करायला उठलो. उत्तर सोपं नाहीये. स्वस्तिकवाल्या वस्तू मागत येणारी काही गिऱ्हाइकं मात्र नजरेतच कळतात, त्यांच्याशी मी व्यवहार करत नाही.

शेवटचा आणि सगळ्यात आवडता नग: छातीवर लावायची फितींची पट्टी. 1955 नंतरच्या नव्या सैन्यात जुन्या सैनिकांनी गणवेशावर लावलेली असावी असा माझा अंदाज. चार फिती. पहिलीवर छोटा आयर्न क्रॉस, दुसरीवर साल कोरलेला युद्धसेवा क्रॉस, तिसरी लाल, मध्ये पांढरा-काळा-पांढरा, हिवाळी युद्धाची. चौथी साधी एकरंगी, जशी बिल्ल्यांसाठी वापरत. आणि तिच्यावर काहीच नाही. भिंगातून पाहिलं तर दोन बारीक भोकं, त्यांच्याभोवती एक लंबगोल ठसा, आजूबाजूपेक्षा कमी उडालेला रंग. लंबगोल म्हणजे जखमी बिल्ला, नाहीतर पायदळाचा हल्ला बिल्ला. दोन्ही लंबगोलच. माझ्याकडे छोटा काळा जखमी बिल्ला पडून आहे, भोकांत बसेलही. लावला नाही. ठशाच्या खालच्या टोकाला किंचित खाच दिसते, तिचा फोटो जवळून काढून मोजमापासकट टाकतो. कुणाकडे दोन्ही लघुरूपं असतील तर उलटी करून मागच्या काट्यांमधलं अंतर कळवा, माझ्या भोकांत 6 मिमी आहे.