लॅब अपडेट: पाच मशिनी, एक आयपी आणि वाया गेलेले दोन रविवार

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पोरांना सायबर सुरक्षा शिकवायची लॅब तयार आहे, रविवारपासून लॉग (मशीनने ठेवलेल्या नोंदी) वाचायला बसतो. कसलं काय, दोन्ही रविवार नेटवर्कनेच खाल्ले.

सेटअप तोच. पाच लॅपटॉप, आठ पोर्टचा स्विच, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) टाकलेला जुना राउटर, बाहेर इंटरनेटला काहीही जोडलेलं नाही (मेटास्प्लॉइटेबल, म्हणजे सरावासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेली मशीन, चालू असताना जोडायचंही नाही, परत सांगतोय). प्रत्येकाकडे व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटू सर्व्हर २२.०४ ची व्हीएम (लॅपटॉपच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर), ब्रिज्ड (थेट लॅबच्या नेटवर्कवर), माझ्याच मास्टर कॉपीचा क्लोन (हुबेहूब नक्कल).

अर्ध्या तासात बीकॉमवाली म्हणाली, "दादा, माझी फाईल गेली." एसएसएच (नेटवर्कवरून मशीनमध्ये लॉगिन) करून नोट्स लिहिल्या, कनेक्शन तुटलं, परत लॉगिन केलं तर फोल्डर रिकामा. म्हटलं चुकून उडवली असशील. पाच मिनिटांनी फाईल हजर! आणि नंतर डिप्लोमावाल्याला त्याच्या मशीनवर तिच्या नोट्स दिसल्या. भुताटकीच.

आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) बघितले तर पाचही जणांचा १९२.१६८.१.११७. लगेच वाटलं नेटवर्क कार्डाचे नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस सारखे असणार, पण नाही, क्लोन करताना नवीन मॅकचा पर्याय निवडला होता, सुरुवातीचं ०८:००:२७ सोडलं तर सगळे वेगळे. मग केबल बदलल्या (स्वतः क्रिंप केलेल्यांवर, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवलेल्यांवर, माझा तसाही भरवसा नाही), स्विच बदलला, राउटर रीसेट केला, आणि परत ११७. दुसरा रविवारही असाच चालला होता, शेवटी वैतागून राउटरवरची डीएचसीपी लीजची फाईल (कोणाला कोणता आयपी वाटला याची नोंद) उघडली. पाच मशिनी आणि ओळ एकच, शेवटी एफएफने सुरू होणारी लांबलचक क्लायंट आयडी. तिथे ट्यूब पेटली. उबंटू सर्व्हर डीएचसीपीला मॅकवरून नाही तर मशीन-आयडीवरून (प्रत्येक इन्स्टॉलचा स्वतंत्र क्रमांक) बनवलेली ओळख देतो, आणि क्लोनमध्ये मशीन-आयडी जशीच्या तशी येते. राउटर बिचारा समजतोय एकच माणूस पाच वेळा आलाय. एसएसएचच्या होस्ट की (मशीनची ओळख पटवणाऱ्या) पण सारख्याच, म्हणून भलत्याच मशीनमध्ये शिरताना एकदाही वॉर्निंग आली नाही, हे मला जास्त लागलं.

उपाय सोपा, मास्टरमधली मशीन-आयडीची फाईल रिकामी करायची, होस्ट की उडवायच्या, बंद करून मग क्लोन, आणि प्रत्येक क्लोनवर की नव्याने बनवायच्या. मी शहाण्याने क्लोन करायच्या आधी "एकदा बघू" म्हणून मास्टर बूट केला. बूट होताना नवीन आयडी तयार झाली आणि परत पाचही जुळी भावंडं. तिसऱ्यांदा जमलं.

या गोंधळात एक भारी झालं. पोरं रिकामी बसली होती म्हणून घरून बँडिट (लिनक्स कमांड शिकवणारा ऑनलाइन खेळ) खेळा म्हटलं होतं, तर बीकॉमवालीने बारावी लेव्हल एकटीने काढली. तीच ती, हेक्सडंप (हेक्स अंकांत छापलेली फाईल) सरळ करा, मग एकात एक दाबून बांधलेल्या फाईली सोडवा, जीझिप, बीझिप२, टार, परत जीझिप, कांदा सोलल्यासारखं. प्रत्येक थराला फाईल कमांड (फाईलचा प्रकार सांगणारी) चालवून वहीत पेनाने लिहिलं होतं. एसओसीच्या (सुरक्षेवर सतत नजर ठेवणाऱ्या टीमच्या) पहिल्या शिफ्टला मला असंच माणूस हवं, काली (हॅकिंगच्या टूल्सचं लिनक्स) उघडून फुशारकी मारणारं नको.

पुढच्या रविवारी व्हीएसएफटीपीडी २.३.४ (फाईल देवाणघेवाणीचा सर्व्हर) चं बॅकडोअर (चोरवाट) दाखवणार होतो, युजरनेममध्ये स्मायली टाकली की ६२०० पोर्ट उघडतो ते. पण हे लिहितानाच वाटतंय की थांबावं. बिघडलेली मास्टर कॉपी अजून डिस्कवर आहे, तीच नव्या तीन जणांना द्यायची, वायरशार्क (नेटवर्कवरची रहदारी दाखवणारं टूल) हातात द्यायचं आणि मी चहा घेत गप्प बसायचं. एआरपीची ("हा आयपी कोणत्या मॅकचा?" या प्रश्नाची) उत्तरं दोन वेगवेगळ्या मॅककडून येताना स्वतः दिसली की इंटरव्ह्यूसाठी पाठ करायला लागणार नाही. जुन्या पाच जणांना मात्र आधी दम द्यावा लागेल, उत्तर फोडायचं नाही म्हणून.

फक्त नव्यातल्या एकाच्या लॅपटॉपला ४ जीबीच रॅम आहे, व्हीएम आणि वायरशार्क एकत्र उघडलं की तो झोपतो. कोणाकडे डीडीआर३ ची लॅपटॉपवाली ४ जीबीची काडी पडून असेल तर सांगा, बदल्यात दोन केबल क्रिंप करून देतो.