लेथ डायरी: बाऊल ३१ ते ४० आणि "मस्त झालंय" ची भानगड

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा लेथवर (लाकूड गोल फिरवून कापायच्या मशिनवर) तिसावा लाकडी बाऊल झाला होता, परवा चाळिसावा तेल लावून वाळायला ठेवला. मधल्या दहापैकी दोन तडकले, एक चकातून (लेथवर लाकूड पकडणाऱ्या जबड्यांतून) उडाला, एक मी स्वतःच्या हाताने अर्धा कापला (त्याचं खाली सविस्तर आहे), उरले सहा. वर्षभराच्या मानाने स्पीड बरा आहे. पण यावेळी टूल्सपेक्षा माणसांबद्दलच जास्त लिहिणारे, कारण या दहा बाऊलमध्ये मी जे काही शिकले ते निम्मं दुसऱ्यांच्या बोटांमुळे शिकले.

आम्ही पाच जण महिन्यातून एकदा भेटतो. प्रत्येकाने एक तरी नग आणायचा, टेबलावर ठेवायचा, बाकीच्यांनी उचलून बघायचा आणि बोलायचं. कल्पना काही आमची नाही, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही १९८६ पासूनची संस्था, त्यांच्या वार्षिक संमेलनात इन्स्टंट गॅलरी म्हणून प्रकार असतो, लोक आपापलं काम मांडतात आणि अनुभवी टर्नर (लेथवर काम करणारे) त्यातले काही नग उचलून सगळ्यांसमोर त्यावर बोलतात. आम्ही म्हटलं आपणही करूया. आणि मग पहिलं वर्षभर आम्ही काय केलं तर प्रत्येक नग उचलून "वा, मस्त झालंय, ग्रेन काय सुंदर आलंय" एवढंच म्हणालो. ग्रेन. ग्रेन (लाकडाच्या रेषा) झाडाने केलंय, टर्नरने नाही, पण कौतुक करायला सगळ्यात सोपं तेच असतं ना, कुणाचं मनही मोडत नाही.

त्या वर्षातले माझे बाऊल आज कपाटातून काढले की हसू येतं. बाहेरून बाऊल, हातात घेतला की खलबत्त्यातला खल. जाडजूड, तळ रुंद, कड बोथट. आणि एकाही माणसाने एकदाही "जड आहे गं" असं म्हटलं नाही. मीही त्यांच्या नगांबद्दल काही बोलले नाही, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

३१ धड झाला, सांगण्यासारखं काही नाही. ३२ आणि ३३ एकाच ओंडक्यातले, ओल्या आंब्याचे. रफ टर्न करताना (वाळण्याआधी जाडसर आकार देताना) भिंत व्यासाच्या साधारण १० टक्के ठेवायची हा नियम पाळला होता, १० इंचाला १ इंच, कागदी पिशवीत ठेवले, किती वाळलं ते बघायला दर रविवारी वजन करत होते आणि तिसऱ्या आठवड्यात दोन्ही तडकले, दोन्ही एकाच जागी. मी वाळवण्याच्या पद्धतीला दोष देत बसले होते. ग्रुपमधल्या ताईंनी फक्त उलटा धरला आणि तळाजवळच्या बारीक गोल ठिपक्यावर नख ठेवलं. पिथ. खोडाचा मधला बिंदू मी ब्लँकमध्येच (बाऊलसाठी कापलेल्या ठोकळ्यात) ठेवला होता, त्याच्याभोवती लाकूड आकसणार ते असमान आकसणार, चीर तिथूनच सुरू होणार. इतकं साधं होतं, आणि दोन महिने मी पिशव्या बदलत होते!

आता ३४.

हा माझा आवडता होता. शिसम, ९ इंच, बाहेरचा कर्व्ह मला स्वतःला आवडलेला, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत सँडिंग, तीन हात तेल. खरं सांगायचं तर मी तो कौतुकासाठीच घेऊन गेले होते. त्या दिवशी एक नवीन काका आले होते, आयुष्यभर फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्यांचे नमुने, बनवलेले. त्यांनी बाऊल उचलला, बघितलाच नाही फारसा. डोळे मिटले, अंगठा आत, दोन बोटं बाहेर, आणि कडेपासून हळूहळू खाली सरकवत नेली. दोन तृतीयांश खोलीवर बोटं थांबली. पुन्हा वर नेली, पुन्हा खाली, पुन्हा तिथेच थांबली. मग म्हणाले, "इथे काय झालं?"

मी म्हटलं कुठे. त्यांनी माझा हात धरून माझाच अंगठा तिथे टेकवला. भिंत एकदम जाड होत होती, आत एक फुगवटा, आणि लगेच त्याच्या खाली सपाट तळ. डोळ्यांना अजिबात दिसत नव्हतं, तेलाच्या चकाकीत सगळं गुळगुळीत. आणि मग माझं सुरू झालं, लाकूड फार कडक होतं, धार गेली होती, टूल टेकवायची रेस्ट आत जात नव्हती, वगैरे वगैरे. काका सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "घरी जाऊन काप याला." बास. ना वाईट म्हणाले ना चांगलं.

चार दिवस मी कापला नाही. राग आला होता हे कबूल करते. पाचव्या दिवशी बँडसॉवर कड खाली करून पालथा ठेवला (असाच ठेवा, उताणा ठेवलात तर गडगडतो आणि ब्लेड त्याला खेचतं) आणि मधोमध कापला. कॅलिपर लावला. कडेला ६ मिमी, मध्यावर साडेसहा, वळणावर १३, आणि तळाला ४! म्हणजे ज्या जागी मी "अजून जरा काढूया" म्हणत होते तिथे आणखी थोडं गेलं असतं तर आरपार भोक पडलं असतं, आणि जिथे खरंच काढायला हवं होतं तिथे ढीग तसाच. चार वर्षं मी बाऊल आतून कसा आहे हे फक्त अंदाजाने सांगत होते.

कापल्यावर कारण पण दिसलं. माझा बाऊल गाऊज (पन्हळीसारखं कापायचं टूल) ५५ डिग्रीला ग्राइंड केलेला. भिंतीवर बेव्हल (धारेमागचा उतार) छान टेकून चालतो, पण वळणावर आलं की हँडल जेवढं फिरवायला पाहिजे तेवढं फिरत नाही, टूलचा दांडा बाऊलच्या कडेला अडतो, बेव्हल लाकडावरून सुटतो आणि मग मी नुसती खरवडत तळाकडे जायचे. दुसरा जुना गाऊज होता तो ७० डिग्रीला बोथट ग्राइंड केला, बेव्हलची मागची कड, म्हणजे टाच, पण घासून उतरवली म्हणजे वळणात ती घासत नाही. आता भिंत पहिल्या टूलने, वळण आणि तळ दुसऱ्याने. ३६ नंबरमध्ये भिंत सगळीकडे ६ ते ७. डोळे मिटून अंगठा फिरवला तर कुठे थांबत नाही. हे सगळं एका प्रश्नातून निघालं, "इथे काय झालं?" यातून. "भिंत असमान आहे" असं म्हणाले असते तर मी मान डोलावून सोडून दिलं असतं बहुतेक.

फोटोंबद्दल एक. ३५ नंबरचा फोटो मी चार जणांना पाठवला होता आणि चौघांनी छान म्हटलं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, फोटोत वजन दिसत नाही, भिंत दिसत नाही, वरून तिरका काढलेला फोटो म्हणजे नुसतं ग्रेनचं प्रदर्शन. फोटोवरच मत घ्यायचं असेल तर कॅमेरा बाऊलच्या पातळीत आणा, अगदी समोरून, मागे उजेड, म्हणजे नुसती काळी आकृती दिसेल. मग फोटो उलटा करा. बाहेरच्या कर्व्हमधला सपाट तुकडा किंवा बारीक पोक उलट्यात लगेच डोळ्यात घुसतं. मी ३५ चा केला, तळापासून दीड इंचावर एक सरळ रेघ, जणू तिथे कर्व्ह झोपलाय. स्वतःच स्वतःला द्यायचा फीडबॅक, फुकट.

आता माझी चूक. काकांच्या त्या प्रसंगानंतर मला जोर चढला. आता मी पण स्पष्ट बोलणार! पुढच्या भेटीत एक नवीन मुलगा त्याचा तिसरा बाऊल घेऊन आला. तिसरा हां. मी उचलला आणि सुरू झाले, तळ फार रुंद आहे, व्यासाच्या एक तृतीयांशच्या आसपास ठेव, कड धारदार राहिलीय, समोरासमोर दोन ठिकाणी टेअर-आउट (उपटलेले तंतू) आहे, ८० नंबरचे गोल ओरखडे दिसतायत म्हणजे तू १२० न करता थेट २४० वर उडी मारलीस, चकाच्या खुणा तशाच आहेत, फिनिश चिकट आहे म्हणजे जास्तीचं तेल पुसलं नाहीस. एका दमात. तळाचं सोडलं तर सगळं खरं होतं, आजही म्हणेन. तो हो हो म्हणत राहिला, बाऊल पेपरात गुंडाळला आणि पुढचे दोन महिने आला नाही.

ताईंनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "त्याने विचारलं काय होतं?"

मला आठवेना. त्यांना आठवत होतं. त्याने टेबलावर ठेवताना विचारलं होतं, आतला भाग खरबरीत का राहतोय, कितीही घासलं तरी. म्हणजे टेअर-आउटचंच विचारत होता बिचारा, आणि मी त्याला सहा गोष्टींच्या यादीत तिसऱ्या नंबरवर एका शब्दात उरकलं, ते का होतं आणि काय करायचं हे सांगितलंच नाही. काकांनी मला एक जागा दाखवली होती, मी त्याला सहा दाखवल्या आणि एकीवरही थांबले नाही.

मग त्याला फोन केला. आधी सॉरी म्हटलं, मग फक्त तेवढंच बोललो. बाऊलमध्ये एका फेरीत दोनदा लाकडाचे तंतू उलट्या बाजूने टूलसमोर येतात म्हणून खरबरीत पट्टे नेहमी दोन आणि समोरासमोर, तो आतमध्ये स्क्रॅपर (खरवडायचं टूल) दाबून वापरत होता त्यामुळे तंतू कापले जायच्या ऐवजी उपटले जात होते. आतून कापताना कडेकडून मध्याकडे जायचं, बाहेरून तळाकडून कडेकडे, म्हणजे प्रत्येक तंतूला मागून आधार मिळतो. शेवटचा कट घ्यायच्या आधी टूलला नव्याने धार, आणि अगदी पातळ कट. पॉलिश पेपरने टेअर-आउट जात नाही, आजूबाजूचं मऊ लाकूड तेवढं खाली जातं. तळबिळ काही काढलं नाही. तो पुढच्या भेटीला चौथा बाऊल घेऊन आला, तळ अजूनही रुंदच होता, मी गप्प बसले. (जिभेवर आलं होतं, पण गिळलं.)

तेव्हापासून आमच्यात एक ठरलंय, नग ठेवणाऱ्याने तळाला मास्किंग टेपवर एक प्रश्न लिहायचा. आधी त्याचं उत्तर, बाकीचं त्याने विचारलं तर.

याला एकच अपवाद, सेफ्टी. तिथे कुणी विचारायची वाट बघायची नाही आणि गोडही बोलायचं नाही. आमच्यातला एक जण बाऊल ब्लँकवर स्पिंडल रफिंग गाऊज (लांब दांडे गोल करायचं टूल) चालवत होता, मोठा दणकट दिसतो म्हणून. दिसतो दणकट, पण हँडलमध्ये जाणारी त्याची शेपटी पातळ पट्टी असते, बाऊलमध्ये एंड ग्रेनने (तंतूंच्या उभ्या टोकांनी) झटका दिला की ती तिथेच मोडू शकते आणि मग एवढं मोठं लोखंड तोंडाकडे येतं. मी अक्षरशः ओरडले, लेथ बंद कर म्हणून. त्याला वाईट वाटलं असेल, वाटू दे.

आणि मलाही ऐकावं लागलंच, ३८ नंबरला. आधी ५ इंचाचं छोटं काम केलं होतं १५०० आरपीएमला, तेच सेटिंग राहिलं आणि १२ इंचाचा ब्लँक लावून बटण दाबलं. व्यास इंचात गुणिले आरपीएम हे ६ ते ९ हजारात ठेवायचं असतं, पाचाचा गुणाकार साडेसात हजार, ठीक. बाराचा? अठरा हजार. त्यात टेनन (चकात धरायचा खुंट) जास्त लांब ठेवला होता, तो चकाच्या तळाला टेकत होता आणि खांदा जबड्यांवर बसलाच नव्हता. ब्लँक चकातून सुटला, रेस्टवर आपटला आणि भिंतीवर गेला. मी बाजूला उभी होते, तोंडावर शील्ड होतं, काही झालं नाही. भेटीत हा किस्सा मी हसत हसत सांगायला लागले तर कुणी हसलं नाही. काका म्हणाले, "बटणाच्या आधी डायल बघायचा." आता डायलवर लाल टेप आहे, काम संपलं की शून्यावर.

आवडीनिवडीचं काय करायचं हे मात्र आमचं अजून सुटलेलं नाही. ३७ नंबर ओजी आकाराचा केला, आत वळून पुन्हा बाहेर जाणारा. दोघांना फार आवडला, काका म्हणाले वळण चुकीच्या उंचीवर बदलतंय, आणि ताई म्हणाल्या, "मला ओजीच आवडत नाही, त्यामुळे माझं मत धरू नकोस." हे मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं. टेअर-आउट हा दोष आहे, त्यात वाद नाही, पण तळ किती रुंद हा काही दोष नाही, मला रोज वापरायच्या बाऊलला रुंद तळच हवा, कलंडत नाही. काका एक तृतीयांशवर अडून आहेत. बघू कोण दमतं.

३९ बद्दल काही नाही, ठीक. ४० च्या टेपवर मी लिहिलं होतं, "कड जाड वाटते का?" तिघे नाही म्हणाले, त्या मुलाने बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाला जाड नाही, पण आतल्या बाजूचा कोपरा टोचतो. खरंच टोचत होता. तिथल्या तिथे २४० ने दोन मिनिटांत मोडला. जाताना त्याने कापलेल्या ३४ चा एक अर्धा मागून नेला, दुसरा माझ्या लेथच्या वर खिळ्याला आहे.

४१ रफ करून ठेवलाय, यावेळी पिथ काढून. वजन तळावरच पेन्सिलीने लिहितेय: गेल्या रविवारी ११९० ग्रॅम, आज ११४०.