आमची वाटचाल : टेप, गुण्या आणि हरवलेले किरण

वडिलांचा सांगलीत लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता. वायर ते वाव घालून मोजायचे आणि मंगल कार्यालय पावलांनी. मग मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची, मान थोडी तिरकी करायची आणि म्हणायचे, "मागच्या भिंतीला गोधड्या टांगा, नायतर भटजींचा एक शब्द कळणार नाही." तेव्हा मला हसू यायचं. 2011 मध्ये पुण्यात एका खोलीत हॉलच्या ध्वनिरचनेचं सल्ल्याचं काम सुरू केलं, तेव्हा माझ्याकडे लॅपटॉप होता, एक भागीदार होता आणि तीस मीटरची फायबरची टेप होती. वडिलांकडे जे होतं ते मात्र नव्हतं. काय मोजायचं आणि काय सोडून द्यायचं, याचा अंदाज.

पहिलं काम एका शाळेच्या सभागृहाचं. दोन दिवस आम्ही दिसेल ते मोजलं. खिडक्यांच्या पट्ट्या, पंख्याचे दांडे, खुर्च्यांचे हात, स्टेजच्या कडेची नक्षी, सगळं संगणकावरच्या मॉडेलमध्ये उतरवलं. संगणक रात्रभर घरघरत बसला. आवाज किती सेकंद घुमतो याचं सकाळी आलेलं उत्तर कागदावर सॅबिनच्या सूत्रानं पाच मिनिटांत आलं असतं तेच. (घनफळाला 0.161 नं गुणायचं, भिंती, छत, खुर्च्या मिळून आवाज किती शोषतात त्या आकड्यानं भागायचं. हार्वर्डमधल्या ज्या प्राध्यापकांच्या नावानं हे सूत्र आहे, त्यांनी ते शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उसन्या आणून, रात्री-रात्री प्रयोग करून शोधलं होतं. गाद्या आणि गोधड्या, म्हणजे वडील अगदीच एकटे नव्हते.) 500 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ 69 सेंटिमीटर लांब असते. तिला चार सेंटिमीटरच्या नक्षीचं काय सोयरसुतक? त्यानंतर साधारण वितीपेक्षा बारीक गोष्टी आम्ही मोजणं सोडलं. त्यांचा खडबडीतपणा त्या पृष्ठभागाच्या विखुरण्याच्या आकड्यात (तो आवाज किती पसरवून परत पाठवतो) घालतो.

दुसरी खोड मोडायला जास्त दिवस लागले. एका तालुक्याच्या गावी जुनं कार्यालय होतं. लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली, मॉडेल उभं केलं. सॉफ्टवेअर आवाजाचे किरण सोडून ते भिंतींवर कुठं आपटून कुठं जातात ते पाहतं. गणित लावलं तर दर शंभरातले काही किरण गायब! सॉफ्टवेअर सांगतंय की किरण हरवले, आणि आम्ही रात्री अकरा वाजता स्क्रीनवर फट शोधतोय. फट सापडली, पण ती मॉडेलची नव्हतीच. हॉल गुण्यात नव्हता, म्हणजे कोपरे काटकोनात नव्हते. तिथल्या सुतारानं ते आम्हाला सकाळीच सांगितलं होतं, "साहेब, ह्या कोपऱ्याला फळी लावताना बोटभर तासावी लागते बघा." चारही भिंतींची लांबी बरोबर असूनही खोली तिरकी असू शकते. त्यात छताचे चार कोपरे एका पातळीत नसले तर तो पृष्ठभाग सपाट राहत नाही, पिळतो, आणि पिळलेल्या पृष्ठभागाच्या कडेतून किरण निसटतात. तेव्हापासून पहिली दोन मापं कर्णांची. कर्ण सारखे आले तर निम्मं काम झालं. नाही आले तर पिळलेला चौकोन दोन त्रिकोणांत तोडायचा, कारण त्रिकोणाला पिळताच येत नाही.

बाकीची मापं घ्यायची ती सगळी एकाच बिंदूपासून, स्टेजच्या पुढच्या कडेचा मध्य, जमिनीवर. खांबापासून खांब, मग पुढचा खांब, असं तुकड्यातुकड्यानं मोजलं तर प्रत्येक वेळची सूत-दोन सूत चूक साठत जाते. टेप एकदा ताणून ठेवायची आणि रनिंगमध्ये वाचत जायचं. तोच बिंदू मॉडेलमध्येही शून्य. पूर्वी आम्ही दोन कोपऱ्यांचे आकडे कागदावर लिहून, वजाबाकी, वर्ग, वर्गमूळ करत बसायचो. आता स्केचअपमध्ये (मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) टी दाबलं की टेप हातात येते, कर्सर कोपऱ्याला चिकटतो आणि अंतर समोर दिसतं. याच टेपचा दुसरा उपयोग बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. माहीत असलेल्या दोन बिंदूंमधलं अंतर घ्या, खरा आकडा टाइप करा, एंटर दाबा. अख्खं मॉडेल त्या मापाला आणू का, असं ते विचारतं. फक्त हे दरवाज्यावर करू नका. दोन मीटरच्या दारात एका सेंटिमीटरची चूक झाली तर वीस मीटरच्या हॉलमध्ये ती दहा होते. हॉलचा लांबातला लांब कर्ण घ्या.

हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. एकदा नकाशा फुटांत आला आणि सॉफ्टवेअरनं तो मीटर समजून उचलला. साठ फुटांचा हॉल साठ मीटरचा. आमची मुलगी (म्हणजे कार्यालयातली, नुकतीच इंजिनिअर झालेली) आली आणि म्हणाली, "दादा, हा हॉल साडेचार सेकंद घुमतोय." हातानं काढलेलं उत्तर 1.4 होतं. साडेचारला 1.4 नं भागा. साधारण 3.2 येतं, एका मीटरमध्ये जितके फूट जवळजवळ तितकंच. लांबी जितक्या पटीनं वाढते तितक्याच पटीनं घुमण्याचा काळ वाढतो, म्हणून चूक पकडता आली. लाकडाचा भाव ग्राहकाला कळवला नव्हता, नशीब.

उलट बाजूनं हेच गणित दिलासा देतं. लांबी दोन टक्के चुकली तर घुमणंही दोनच टक्क्यांनी चुकतं, आणि पाच टक्क्यांच्या आतला फरक कानाला सहसा कळत नाही. मिलिमीटरसाठी शिडीवर चढणं बंद झालं.

आता कोणतंही गणित लावण्याआधी मॉडेलमध्ये एकच अंतर पाहतो. वक्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत, तिथून परत पहिल्या रांगेपर्यंत, आणि त्यातून वक्ता ते पहिली रांग हे सरळ अंतर वजा. अठरा मीटरच्या साध्या हॉलमध्ये 18 अधिक 15, वजा 3, म्हणजे 30 मीटर. आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, म्हणजे परतीचा शब्द 87 मिलिसेकंद उशिरा. भाषणाला 50 च्या पुढे, म्हणजे सतरा मीटरच्या पुढे, धोका. मागची भिंत मऊ करा किंवा वाकवा. वडिलांची टाळी हेच सांगायची, वर्गमूळाशिवाय.

लेझर मीटर आल्यावर वाटलं, आता सुटलो. पहिल्याच आठवड्यात छताची सगळी मापं वीतभर कमी आली. यंत्र टेकवलं होतं मागच्या टोकानं आणि आत सेटिंग होतं पुढच्या टोकाचं, म्हणजे यंत्राची स्वतःची लांबी प्रत्येक मापातून गेली. काचेवर आणि काळ्या मखमलीवर तर ते काहीही वाचतं. म्हणून टेप अजून गाडीत असते. तिचं पुढचं टोक सातारच्या एका कामात तुटलं, तेव्हापासून आम्ही दहाच्या खुणेपासून धरतो आणि ओरडून सांगतो, "दहा वजा!" गेल्या महिन्यात नवा मुलगा टेप धरून वाचत होता, बावीस आकडे झाले. मी विचारलं, दहा वजा केलेस ना? तो माझ्याकडे बघतच राहिला. आम्ही पुन्हा पहिल्या खांबापाशी गेलो.