ठकीचं ऑपरेशन आणि भिशीची पाळी

गौरी-गणपतीच्या तोंडावर माझ्याकडे ब्लाउजांची रास पडलेली असते. मान वर करायची सोय नसते. त्यामुळे आमची कुत्री ठकी पाणी जास्त पितेय, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. शिलाई मशीनच्या पायट्याशी तिची बसायची जागा. तिथून दर अर्ध्या तासाने उठायची, भांडं कोरडं करायची आणि परत येऊन धप्पकन पडायची. चपातीला तोंड लावत नव्हती. मी म्हटलं, उकाडा आहे.

तिसऱ्या दिवशी ओकली, पोट टम्म झालं. जवळच्या दवाखान्यात सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी विचारलं, "माजावर कधी आली होती?" मी बोटं मोजली. दीड महिना झाला होता. नसबंदी न केलेल्या कुत्रीला माज गेल्यावर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. पिशवीचं तोंड मिटलेलं असलं तर पू बाहेर येत नाही, अंगात विष भिनतं. ती तहान त्याचीच होती. औषधांवर भागणार नव्हतं, पिशवी काढायची, तीही आज-उद्यात. खर्च 38 हजार, निम्मे आधी.

ह्यांचा टेम्पो कमरेच्या दुखण्याने दोन महिने उभा होता. घरात रोख 4,200 रुपये. नसबंदी आधी का केली नाही, असं तुम्ही विचाराल. ठकी रस्त्यावर राहिली असती तर पालिकेच्या योजनेत फुकट झाली असती. आम्ही तिला घरात घेतलं आणि खाजगीतला खर्च ऐकून 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत राहिलो. चूक माझीच.

संध्याकाळपर्यंत सल्ले गोळा झाले. दीर म्हणाले, "मासळी बाजारापाशी सोडून या वहिनी, जगायची असली तर जगेल." एक गिऱ्हाईक बाई चांगल्या मनाने म्हणाल्या, "माझ्या ओळखीच्या शेल्टरला देऊन टाका, ते बघतील सगळं." या दुसऱ्या बोलण्याने मला जास्त लागलं. शेल्टरमध्ये काय डॉक्टर फुकट पोट फाडतो? तिथेही कोणीतरी पैसे भरणारच. मग तेच पैसे ती माझ्या घरात असताना भरले तर काय बिघडतं? शिवाय तिथला एक पिंजरा मोकळा राहील.

आमच्या गल्लीत रात्री कुत्र्यांना खायला घालणारी एक कॉलेजची मुलगी आहे. तिला फोन केला तेव्हा माझं एक बोट मंगळसूत्राच्या वाट्यांवर होतं. ती म्हणाली, "मावशी, गहाण काही ठेवू नका अजून. आधी दवाखान्यातून खर्च कागदावर लिहून आणा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट ताब्यात घ्या, नाहीतर दुसरीकडे परत पैसे जातील." कागद मिळाला, थोडी नाकं मुरडून. त्यात 9 हजार नुसते तीन दिवस ठेवून घेण्याचे होते. "रोज इंजेक्शनला आणलं तर चालेल का?" हे विचारायला मला सुचलंच नव्हतं. डॉक्टरांचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ, असंच धरून चालले होते.

तिनेच सांगितलं, जनावर उपाशी-तहानेलं मरेल अशा ठिकाणी टाकून देणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. दंड विचारला. पहिल्या वेळी 10 ते 50 रुपये. मला हसूच फुटलं. टाकायला पन्नास, ठेवायला अडतीस हजार!

सकाळी चुनाभट्टीहून परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलात निघालो. दोन टॅक्सीवाले कुत्री बघून पुढे गेले. तिसरे म्हातारे चाचा थांबले. मी 'बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल' असं सगळं नाव घेतलं तर त्यांना कळेना. मग एकदम म्हणाले, "अरे, बैलघोडा बोलो ना!" आणि मागच्या सीटवर गोणपाट अंथरलं.

हे धर्मादाय हॉस्पिटल 1883 चं. प्राण्यांचा छळ थांबवायला निघालेल्या ज्या सोसायटीने ते चालवलं ती 1874 ची, म्हणजे मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली त्याच साली निघालेली. त्या काळी शहराची ओझी बैल-घोडेच ओढायचे, तेव्हा हे नाव पडणारच. केसपेपर काढून रांगेत बसलो. पुढे एक माणूस बकरी घेऊन, मागे एक मुलगा चपलांच्या खोक्यात कबुतर घेऊन. ठकी माझ्या पायावर डोकं टाकून पडलेली, कान तापलेले.

पैशांचं असं जमलं. त्या मुलीच्या ओळखीच्या एका संस्थेने थोडा भार उचलला. हातात रोख देत नाहीत. रिपोर्ट, खर्चाचा कागद आणि आमच्या केशरी रेशनकार्डाचा फोटो मागवला आणि रक्कम परस्पर बिलात भरली. मला तेच बरं वाटलं, कोणाच्या डोळ्यांत खुपायला नको. उरलेल्यासाठी भिशी. आम्ही बारा जणी, महिन्याला हजार. माझी पाळी डिसेंबरात. "कुत्रीसाठी?" म्हणून जी सगळ्यात मोठ्याने बोलली, तिनेच रात्री दार वाजवलं. या महिन्याची पाळी तिची होती. पाकीट माझ्या हातात कोंबून म्हणाली, "डिसेंबरची मला दे. आणि आता रडू नको, ब्लाउज उद्या पाहिजे मला." टॅक्सी, तपासण्या, औषधं धरून सगळा खर्च पहिल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शात बसला.

ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कर्ण्यासारखा प्लास्टिकचा पट्टा दिला होता. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ठकी त्याने प्रत्येक डबा पाडायची. शेवटी मुलाचा जुना टी-शर्ट उसवला, पुढच्या पायांची भोकं बेतली, पोटाला दुहेरी कापड लावलं आणि पाठीवर परकराच्या नाडीने बांधला. शेपटीपाशी कापड मात्र आखूड ठेवायला हवं, नाहीतर शू लागून ओलं होतं. हे पहिला बिघडल्यावर कळलं. त्या मुलीने फोटो काढून नेला.

तेव्हापासून लहान-मध्यम-मोठा अशा तीन मापांत शिवते. देऊ शकतात त्यांच्याकडून शिलाई घेते, बाकीच्यांना तसाच. परवा गोवंडीहून एका बाईंचा फोन आला, कुत्री नुसती झोपून असते म्हणाल्या. मी मशीन थांबवलं आणि आधी विचारलं, "पाणी किती पितेय?" ठकी पायट्यावरच झोपली होती, त्यामुळे मशीन थांबवायला फार काही करावं लागलं नाही.